वाटेगावचे अण्णा भाऊ

गेल्या १ ऑगस्टला मी गावी होते. आपल्या वाचनालयात अण्णा भाऊ साठ्यांची जयंती होती. फोटोला हार घातलेला आणि त्यांच्या पुस्तकांसाठी एक वेगळं कपाट केलेलं. तेच वाचनालय, जिथे आपण सुट्टीत ‘चांदोबा’साठी भांडायचो. वाटेगाव आपल्याच वाळवा तालुक्यातलं, पण शाळेच्या दहा वर्षांत हे मला कुणी सांगितल्याचं आठवत नाही. कदाचित सांगितलं असेल आणि माझं लक्ष नसेल.

त्यांचं पाळण्यातलं नाव तुकाराम भाऊराव साठे. जन्म १९२० चा, मातंग समाजातला. इंग्रज सरकारने त्या काळी या जातीवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेला होता. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले म्हणतात. मास्तरांचा मार आणि जातीचा जाच, एवढ्यावर शिक्षण संपलं. अकरा-बारा वर्षांचे असताना घरच्यांबरोबर चालत मुंबईला निघाले, वाटेत मिळेल ते काम करत. तीनशेहून अधिक किलोमीटर! आता पुण्याहून गावी येताना गाडीत एसी नीट चालत नाही म्हणून माझी चिडचिड होते.

मुंबईत त्यांनी हमाली केली, कोळसा उचलला, गिरणीत काम केलं. अक्षरं शिकले ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचून. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी संबंध आला आणि पोवाडे लिहू लागले. स्टॅलिनग्राडच्या लढाईवरचा पोवाडा त्याच काळातला. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. सरकारने तमाशावर बंदी आणली, तेव्हा त्याच तमाशाला त्यांनी लोकनाट्याचं रूप दिलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची मैनेची छक्कड गावोगाव गायली गेली. गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरणारा मुंबईतला कामगार त्यात आहे, आणि त्याच्या आडून महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूखही.

‘फकिरा’ १९५९ ची. दुष्काळात माणसं जगावीत म्हणून धान्य लुटणारा नायक त्यांच्या स्वतःच्याच गोतातला. कादंबरी अर्पण केली आहे ती बाबासाहेबांच्या लेखणीला. १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. परत आले ते घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीतच. १८ जुलै १९६९ ला गेले, पन्नाशीसुद्धा गाठली नाही. मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात २०२२ साली त्यांचा पुतळा बसवला. ती बातमी मी ऑफिसात वाचली आणि उगाचच शेजारच्या दोघांना दाखवली, आमच्या तालुक्यातले म्हणून.

‘फकिरा’चं नाव मात्र मला पहिल्यांदा सांगितलं ते आपल्या वर्गातल्या एकाने. खिडकीपाशी शेवटच्या बाकावर बसायचा, अक्षर सुरेख. वाचनालयात भरायला अनामत नव्हती, म्हणून ते पुस्तक मी माझ्या कार्डावर त्याला काढून दिलं. त्याने चार दिवसांत परत आणलं, आणि परत करायच्या आधी वाचून बघ म्हणाला. मी रात्री दोनपर्यंत वाचत बसले, आईची बोलणी खाल्ली. नववीच्या सहामाहीनंतर तो शाळेत आला नाही. का येत नाही, हे आपण कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

या मेळाव्याची यादी मीच केली. दहावीच्या निकालाचा कागद समोर ठेवून एक्सेलमध्ये नावं भरली, फोन नंबर जुळवले आणि यादी पूर्ण झाल्याचं ग्रुपवर टाकून दिलं. त्या दिवशी वाचनालयात ते कपाट बघताना लक्षात आलं, की आपल्यातले जे दहावीपर्यंत पोचलेच नाहीत, त्यांच्यापैकी कुणाचंच नाव त्या यादीत नाही. हजेरीपट मिळतो का, ते आता बघते आहे. त्याचा ठावठिकाणा तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल, तर मला फोन करा.