ग्रंथालयशास्त्राचे आचार्य : डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन

बेंगळूर शहराचा आणि तंजावर प्रांताचा संबंध आपणां मराठी माणसांना नवा नाही. शहाजीराजांची जहागीर ज्या बेंगळुरात होती, तेथूनच व्यंकोजीराजे तंजावरला गेले. त्यांच्या वंशातील सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालयाला जे वैभव प्राप्त करून दिले, त्याची साक्ष तेथील मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे आजही देत आहेत. याच तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी ऑगस्ट १८९२ मध्ये जन्मलेला एक पुरुष आयुष्याच्या उत्तरार्धात बेंगळुरास आला, येथेच कार्यमग्न राहिला आणि २७ सप्टेंबर १९७२ रोजी येथेच निवर्तला. त्यांचे नाव डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत या बेंगळुरवासी ज्ञानतपस्व्याचे स्मरण करणे उचित ठरेल.

रंगनाथन यांचे पितृछत्र बालपणीच हरपले. बोलताना अडखळण्याचा दोष त्यांना जडला होता. तरीही त्यांनी शिक्षकाचाच पेशा पत्करला. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात गणित विषय घेऊन ते एम. ए. झाले आणि १९१७ पासून मंगळूर, कोईमतूर व पुढे मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज अशा ठिकाणी त्यांनी गणिताचे अध्यापन केले. गणित हा त्यांचा प्राण होता. ग्रंथालय ही गोष्ट त्यांच्या स्वप्नातही नव्हती.

मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाची नवी जागा निर्माण केली, तेव्हा मित्रांच्या आग्रहावरून रंगनाथन यांनी अर्ज केला. अध्यापकाच्या तुटपुंज्या वेतनापेक्षा ही जागा बऱ्या पगाराची होती. जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळून गेले. वाचक जवळजवळ नाहीत, काम जवळजवळ नाही. विद्यार्थ्यांनी गजबजलेल्या वर्गात रमणाऱ्या माणसाला ही शांतता कारावासासारखी वाटली. ते आपल्या जुन्या प्राचार्यांकडे परत गेले आणि कॉलेजात पुन्हा घेण्याची त्यांनी विनंती केली. ग्रंथपालाने इंग्लंडला जाऊन प्रशिक्षण घ्यावे असे विद्यापीठाने ठरविलेच होते. तेथून परतल्यावरही मन रमले नाही, तर जागा देऊ, असे प्राचार्यांनी आश्वासन दिले. ते आश्वासन पाळून घेण्याची वेळ पुढे कधीच आली नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेतले. क्रॉयडन येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख सेयर्स हे त्यांना गुरू म्हणून लाभले. रंगनाथन यांनी इंग्लंडमधील अनेक ग्रंथालये हिंडून पाहिली. कामगार, गृहिणी, मुले असे सर्व थरांतील लोक तेथे मोकळेपणाने पुस्तके हाताळत होते. आपल्या देशात कुलूपबंद कपाटांत पडून राहणारी पुस्तके तेथे समाजाला घडवीत होती, हे पाहून त्यांच्या आयुष्याचा मार्गच बदलला.

त्याच काळात त्यांना दुसरी एक गोष्ट खटकली. अमेरिकेच्या ड्यूई यांची दशांश वर्गीकरण पद्धती तेव्हा सर्वत्र रूढ होती. तिच्यात विषयांची यादी आधीच करून प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला असे. एखादा नवा अथवा मिश्र विषय आला, की त्याला कोणाच्या तरी घरात दाटीवाटीने बसवावे लागे. लंडनच्या एका मोठ्या दुकानात मेकॅनो हे खेळणे रंगनाथन यांच्या पाहण्यात आले. मोजक्या पट्ट्या, चाके व खिळे यांच्या जुळणीतून दर वेळी नवी वस्तू तयार होते, हे पाहून ज्ञानाचे विषयही असेच जुळविता येतील, ही कल्पना त्यांना सुचली. भारतात भातावर पडणाऱ्या रोगांविषयी एका विशिष्ट दशकात लिहिलेले पुस्तक घेतले, तर त्यात शेती, भात, रोग, भारत आणि काळ असे वेगवेगळे घटक आहेत. प्रत्येक घटकाला स्वतंत्र चिन्ह द्यावे आणि ती चिन्हे विरामचिन्हांनी सांधावीत, अशी ही युक्ती. सांधणारे मुख्य चिन्ह कोलन, म्हणून ही पद्धती द्विबिंदू वर्गीकरण या नावाने प्रसिद्ध झाली. तिचा ग्रंथ १९३३ साली बाहेर पडला.

१९२५ साली मायदेशी परतल्यावर त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा कायापालट केला. वाचकाला कपाटापर्यंत जाऊ दिले, ग्रंथालयाच्या वेळा वाढविल्या आणि प्रश्न घेऊन येणाऱ्याला हात धरून योग्य पुस्तकापर्यंत नेण्याची प्रथा पाडली. सुमारे वीस वर्षे त्यांनी तेथे सुट्टीचा विचारही न करता काम केले. १९२८ हे वर्ष त्यांच्या जीवनात विलक्षण ठरले. त्याच वर्षी मद्रास ग्रंथालय संघाची स्थापना झाली, त्याच वर्षी त्यांना आपल्या शास्त्राची पाच सूत्रे गवसली आणि त्याच वर्षी त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई यांचा मंदिराच्या तलावात बुडून अंत झाला. पुढील वर्षी सारदाबाईंशी त्यांचा विवाह झाला. विवाहविधी आटोपून ते त्याच दिवशी ग्रंथालयात कामावर हजर झाले, असे सांगतात.

त्या पाच सूत्रांचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. पुस्तके वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे हे ओळखावे, असा त्यांचा सारांश. वरवर पाहता ही सूत्रे बाळबोध वाटतात. परंतु ज्याने सरकारी कचेरीत दप्तरांच्या सान्निध्यात आयुष्य घालविले आहे, त्याला त्यांतील मर्म चटकन उमगते. कागद जपून ठेवणे आणि कागद वेळेवर सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जपणाऱ्याचा कल कुलपाकडे असतो. गरजवंताला दार उघडे हवे असते. ग्रंथ असो वा दप्तर, या ओढाताणीत रंगनाथन निःसंशयपणे गरजवंताच्या बाजूने उभे राहिले, आणि त्यातच त्यांचे मोठेपण आहे.

मद्रासचे काम सोडल्यावर १९४५ साली ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात गेले. तेथे पुरेसे साहाय्यक नसताना सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण व सूचीकरण त्यांनी बहुतांशी एकहाती केले. १९४७ पासून ते दिल्ली विद्यापीठात होते. ग्रंथालयशास्त्राच्या उच्च शिक्षणाची तेथे उभारणी झाली. ग्रंथालये दात्यांच्या मर्जीवर न राहता कायद्याच्या आधाराने चालावीत, हा त्यांचा ध्यास होता. १९४८ चा मद्रासचा ग्रंथालय कायदा हे त्याचे पहिले ठळक फळ. पुढे १९६५ साली आपल्या या राज्यातही ग्रंथालय उपकराची तरतूद असलेला कायदा झाला. महाराष्ट्राने १९६७ साली वेगळी वाट धरली. उपकर न लावता लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना अनुदान देण्याचे धोरण तेथे स्वीकारले गेले. महाराष्ट्राला तशा ग्रंथालयांची जुनी परंपरा होती हे खरे. परंतु हक्काचे उत्पन्न आणि अनुदानाची प्रतीक्षा यांतील अंतर ग्रंथालय चालविणाऱ्यांनाच ठाऊक!

१९६२ साली बेंगळुरात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आश्रयाने प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. सत्तरीकडे झुकलेल्या रंगनाथन यांनी तेथे तरुणांची एक पिढी घडविली. १९५७ साली पद्मश्री आणि १९६५ साली राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हे बहुमान त्यांना लाभले, तरी राहणी साधीच राहिली. आयुष्यभराच्या बचतीतून एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला दिले आणि त्यातून सारदाबाईंच्या नावाचे अध्यासन उभे राहिले.

एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. त्यांची द्विबिंदू पद्धती व्यवहारात फारशी टिकली नाही. तिची चिन्हे लांबलचक व किचकट होत गेली आणि आपल्या देशातील बहुसंख्य ग्रंथालयांनी ड्यूईंचीच वाट पत्करली. मात्र विषयाचे घटक पाडून ते पुन्हा जुळविण्याची त्यांची दृष्टी जगभरच्या शास्त्राने आत्मसात केली. आज संगणकावर शोध घेताना भाषा, स्थळ, वर्ष अशा चाळण्या लावून आपण हवे ते वेगळे काढतो, तेव्हा रंगनाथन यांच्याच विचाराचा उपयोग करीत असतो. पद्धती मागे पडली, परंतु विचार पुढे गेला.

परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाला आपल्या मंडळाची मराठी पुस्तके हा मोठाच आधार असतो. पिढी बदलते, घरातली भाषा पातळ होत जाते आणि कपाटांवर धूळ साचू लागते. अशा वेळी पुस्तकांची संख्या मोजून समाधान मानणे सोपे असते; यंदा किती पुस्तके घरोघरी गेली आणि किती मुलांनी पहिल्यांदा मराठी पुस्तक हाती घेतले, हे मोजणे अवघड असते. रंगनाथन यांनी आपल्याला हा दुसरा हिशेब शिकविला. पन्नाशी पूर्ण करणाऱ्या मंडळाने कपाटांच्या किल्ल्या अधिक सैल हातांनी सांभाळाव्यात आणि शतकमहोत्सवाच्या वेळी आपली पुस्तके वापराने झिजलेली असावीत, एवढीच मनीषा या थोर आचार्यांना अभिवादन करताना व्यक्त करतो.