कान्होजी आंग्रे: ‘पायरेट’ की सरखेल? समुद्रावरच्या शब्दांचे खरे अर्थ

आमच्या अनसिंगात ‘नांगर’ म्हटलं की शेतातलाच नांगर डोळ्यासमोर येतो. वाशिम जिल्ह्यातून समुद्र गाठायचा तर रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या वर जावं लागतं, त्यामुळे जहाजाला जागेवर धरून ठेवणारा नांगर आम्हाला पुस्तकातच भेटला. गंमत म्हणजे हे दोन वेगळे शब्द आहेत. शेतीचा नांगर संस्कृत ‘लांगल’वरून आला, जहाजाचा फारसी ‘लंगर’वरून. कान्होजी आंग्र्यांच्या बाबतीत नेमकं उलटं झालं. माणूस एकच, पण मराठी कागदांत ते ‘सरखेल’ आणि इंग्रजांच्या कागदांत ‘पायरेट’, म्हणजे समुद्री चाचे.

त्यांचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ, आंगरवाडी गावावरून आंग्रे झालं. सिधोजी गुजरांनंतर, १६९८ च्या सुमारास, मराठा आरमाराची सूत्रं कान्होजींकडे आली. ‘सर’ म्हणजे प्रमुख आणि ‘खेल’ म्हणजे टोळी, जमाव. आजच्या भाषेत सरखेल म्हणजे ॲडमिरल.

आता टेक्निकल भाग, आणि मला तोच जास्त आवडतो. कंपनीची जहाजं मोठी आणि उंच, पण त्यांच्या बहुतेक तोफा दोन्ही बाजूंना. मागून कुणी आलं तर मारा फारच तोकडा. कान्होजींची मुख्य लढाऊ नौका म्हणजे गुराब. तिला दोन किंवा तीन डोलकाठ्या (शीड बांधायचे उभे खांब) असत. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब आणि बुटकं, आणि त्यावर थेट समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबत त्याहून लहान. त्याला शिडं होतीच, शिवाय चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी लटकायचं, पण गलबतं वल्ह्यांवर चालायची आणि गुराबेला दोरखंडाने ओढत शत्रूच्या पिछाडीला न्यायची. मग शिडं आणि डोलकाठ्या फोडायच्या. जहाज पांगळं झालं की गलबतांतली माणसं वर चढायची.

पण मग ‘पायरेट’ का? त्याचं उत्तर ‘दस्तक’ या शब्दात आहे. दस्तक म्हणजे परवाना. कोकण किनाऱ्यावरून व्यापारी जहाज न्यायचं तर सरखेलांचं दस्तक हवं, नसेल तर जहाज जप्त. फास्टॅगसारखंच समजा, फक्त इथे बूमच्या जागी तोफा! पोर्तुगीज दोनशे वर्षं हेच ‘कार्ताझ’ नावाने करत होते, आणि इंग्रजसुद्धा व्यापाऱ्यांना स्वतःचे पास देत होते. कान्होजींनी ते पास मानायला नकार दिला. भांडण चोरीचं नव्हतंच हो, पास कुणाचा चालणार याचं होतं.

१७१३ मध्ये छत्रपती शाहूंनी बहिरोपंत पिंगळे पेशव्यांना त्यांच्यावर पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केलं. शेवटी बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून त्यांना शाहूंच्या बाजूला आणलं, आणि सरखेलपद कायम राहिलं. छत्रपतींनी नेमलेल्या या अधिकाऱ्याला मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून मात्र चाचाच समजत राहिला. १७१८ मध्ये त्याने खांदेरीवर हल्ला केला, फसला. १७२० मध्ये विजयदुर्गावर जाताना ‘फ्राम’ नावाचा सपाट तळाचा तरंगता तोफखानाही सोबत नेला, तरी हात हलवत परतावं लागलं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आले. सोबत ब्रिटिश राजाच्या नौदलाची जहाजंही होती. तेही जमलं नाही.

४ जुलै १७२९ ला कान्होजी वारले. समाधी अलिबागेत आहे. पुढे मुलांमध्ये वाटण्या झाल्या, भांडणं झाली. १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं, तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. हे वाचताना आजही राग येतो.

आणि बून जिथून या मोहिमा पाठवायचा, त्या मुंबईतल्या कंपनीच्या किल्ल्याच्या जागी आज भारतीय नौदलाचा तळ आहे. १९५१ पासून त्याचं नाव आयएनएस आंग्रे.