फडेप्पा चौगुले : अँटवर्पच्या मार्गावरील बेळगावकर

शाळेच्या वार्षिक क्रीडासमारंभात लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली म्हणजे एक देखावा आम्ही दरसाल पाहतो. पहिल्या दोन फेऱ्यांत सारी मुले मोठ्या हौसेने धावतात. तिसऱ्या फेरीस दोघे-तिघे पुढे निघून जातात, आणि मागे पडलेल्यांपैकी कित्येक जण हळूच मैदानाच्या कडेला सरतात. विचारावे तर पोटात कळ आली असे सांगतात. ती कळ बहुधा पोटातली नसून मनातली असते, हे त्यांसही ठाऊक असते व आम्हांसही. पुढील वर्षी यांतील पुष्कळ मुले शर्यतीत नावच देत नाहीत. अशा विद्यार्थ्यांकरिता, आणि निकालाचा कागद हाती येताच पहिल्या क्रमांकाखेरीज दुसरे काही न पाहणाऱ्या त्यांच्या वडीलधाऱ्यांकरिताही, आम्ही आज एका धावपटूचे चरित्र सांगणार आहोत. त्यांस सुवर्णपदक मिळाले नाही, रौप्यही नाही. त्यांचा क्रमांक एकोणिसावा आला. तरीही त्यांचे नाव आमच्या विद्यार्थ्यांनी आदराने घ्यावे असे आम्हांस वाटते.

फडेप्पा दरेप्पा चौगुले हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म १९०२ साली बेळगाव येथे झाला. बेळगाव म्हणजे मराठी व कानडी या दोन्ही भाषा एकाच बाजारात नांदणारे शहर. त्या काळी आमच्या रत्नागिरीप्रमाणेच तेही मुंबई इलाख्यात मोडत असे. इकडे समुद्रकाठी आम्ही, तिकडे घाटमाथ्यावर ते. मध्ये सह्याद्रीची भिंत. तेव्हा चौगुले हे एका अर्थी आमचे शेजारीच होत.

त्यांच्या पायांतील बळास जगाच्या मैदानावर नेण्याचे श्रेय पुण्याच्या डेक्कन जिमखाना या संस्थेस व तिचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांस आहे. ही संस्था १९०६ साली स्थापन झाली. तिच्या मैदानावर खेड्यापाड्यांतून आलेले शेतकऱ्यांचे तरुण मुलगे अनवाणी धावत. धावण्याचे शास्त्र त्यांस कोणी शिकविले नव्हते; सुरुवात कशी करावी, दम कसा राखून ठेवावा, हे त्यांस ठाऊक नव्हते. तथापि घड्याळ हाती धरून पाहता त्यांच्या वेळा युरोपातील नामांकित धावपटूंच्या वेळांपासून फारशा दूर नाहीत, असे दोराबजींच्या लक्षात आले. दोराबजींचे शिक्षण केंब्रिज येथे झाले होते व खेळांचे त्यांस जन्मभर वेड होते. या मुलांस ऑलिंपिक क्रीडासामन्यांत पाठवावे असे त्यांच्या मनाने घेतले. १९१९ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांस जिमखान्याच्या सामन्यांस बोलावून त्यांनी त्यांचे साहाय्य मिळविले. पुढल्या वर्षी पुण्यास निवड झाली. दोराबजींनी स्वतःच्या पदरचे द्रव्य या कामी घातले, आणि हिंदुस्थानचा पहिला अधिकृत ऑलिंपिक चमू उभा राहिला.

हा चमू अवघा सहा जणांचा होता. धावण्याकरिता बॅनर्जी, कैकाडी, सदाशिव दातार व फडेप्पा चौगुले, आणि कुस्तीकरिता रणधीर शिंदे व कुमार नवले. नावे वाचताच यांत आमच्या दख्खनच्या मंडळींचा भरणा किती होता, हे ध्यानी येईल. चौगुले त्या वेळी सुमारे अठरा वर्षांचे, म्हणजे आमच्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांहून फार मोठे नव्हते. या मंडळींनी मुंबईहून आगबोटीने प्रयाण केले. आरंभी इंग्लंडात राहून काही आठवडे सराव केला, व तेथून ती बेल्जम देशातील अँटवर्प या बंदरास पोचली.

१९२० चे ते सामने सामान्य सामने नव्हते. चार वर्षांपूर्वी, १९१६ साली, बर्लिन येथे भरावयाचे सामने महायुद्धामुळे मुळी भरलेच नव्हते. त्या युद्धात बेल्जमची भूमी अक्षरशः तुडविली गेली होती; त्या देशाचा मान राखण्याकरिता अँटवर्पची निवड झाली होती. पाच कड्यांचे ऑलिंपिक निशाण याच सामन्यांत प्रथम फडकले, व खेळाडूंची शपथही येथेच प्रथम घेतली गेली. सारे स्पर्धक हौशी होते. खेळून पैसे मिळविणाऱ्यास त्या काळी ऑलिंपिकची दारे बंद असत. कोणी शेतकरी, कोणी शिपाई, कोणी गवंडी. दिवसाचे काम आटोपल्यावर ज्याने त्याने सराव केलेला.

चौगुले यांचे नाव दोन शर्यतींस दिलेले होते : दहा हजार मीटर व मॅरेथॉन. दहा हजार मीटरची प्राथमिक फेरी १९ ऑगस्ट रोजी झाली. तीत त्यांस यश आले नाही. अंतिम फेरीस पात्र ठरणाऱ्यांत त्यांचे नाव नव्हते. दुसऱ्या दिवशी ती अंतिम शर्यत फिनलंडच्या पावो नुर्मी या तरुणाने जिंकली. पुढे साऱ्या जगाने ज्यास धावपटूंचा राजा मानले, तोच हा नुर्मी.

येथे वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. घरापासून हजारो मैलांवर, परक्या हवेत, परक्या अन्नावर, इतक्या लोकांच्या पैशाने व आशेने पाठविलेला अठरा वर्षांचा तरुण पहिल्याच परीक्षेत मागे पडला. दुसरी परीक्षा तीनच दिवसांनी, २२ ऑगस्ट रोजी, आणि तीही चौपटीहून लांब. कोणी म्हणाले असते, दहा हजार मीटर ज्यास पेलले नाही त्याने बेचाळीस हजारांच्या वाटेस जावे कशाला? हा तर्क दिसावयास सरळ आहे, परंतु तो खोटा आहे. त्याचे कारण आमच्या विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे.

दहा हजार मीटरची शर्यत वेगाची असते. तीत फेरीमागून फेरी इतरांच्या गतीस गती जुळवावी लागते, आणि ज्यास मैदानावरील अशा चढाओढीची सवय नसते तो आरंभीच श्वास गमावतो. मॅरेथॉनचे तसे नाही. स्नायूंत साठविलेली साखर हे धावणाऱ्याचे मुख्य इंधन, आणि हा साठा साधारणपणे तीस किलोमीटरच्या सुमारास संपत येतो. जो पहिल्या तासात उधळेपणा करतो त्याचे पाय त्यापुढे शिशासारखे जड होतात. जो आपली गती ओळखून, दुसऱ्याकडे न पाहता चालतो, तो शेवटास पोचतो. म्हणजे एका शर्यतीत जो उणेपणा ठरतो तोच दुसऱ्या शर्यतीत गुण ठरू शकतो. गणितात नापास झालेला मुलगा सर्वच बाबतींत मंद, असे ठरविणाऱ्यांनी याचा विचार अवश्य करावा.

आता त्या मार्गाविषयी. मॅरेथॉनची शर्यत १८९६ साली अथेन्स येथील सामन्यांपासून सुरू झाली. आरंभी तिची लांबी निश्चित नव्हती, ४२.१९५ किलोमीटर हे आजचे माप १९२१ साली कायम करण्यात आले. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरांचा होता. ऑलिंपिकच्या इतिहासात याहून लांब मॅरेथॉन दुसरी झाली नाही. आपल्या गावच्या मापाने सांगावयाचे तर रत्नागिरीहून भाट्ये पुलावरून पावसला जावे आणि त्याच पावली परत यावे, तरीसुद्धा हे अंतर पुरे होणार नाही. त्या दिवशी हवा थंड व पावसाळी होती. ऊन्हात वाढलेल्या माणसास अशा हवेत अंग गरम ठेवणे हेच एक काम होऊन बसते.

शर्यत सुरू झाली. आरंभी पुढे असलेल्यांत दक्षिण आफ्रिकेचा गिटशम होता. १९१२ साली स्टॉकहोम येथे याच शर्यतीत त्याने दुसरा क्रमांक मिळविलेला. या खेपेस मात्र त्यास मार्गातच शर्यत सोडणे भाग पडले. आपले दातार यांसही शर्यत पूर्ण करता आली नाही. चौगुले मात्र धावत राहिले. तीन दिवसांपूर्वी मैदानावर जी लय त्यांस सापडली नव्हती, ती या लांब रस्त्यावर सापडली. दोन तास पन्नास मिनिटे व पंचेचाळीस सेकंदांनी त्यांनी अंतिम रेषा ओलांडली, आणि त्यांचा क्रमांक एकोणिसावा लागला.

हे आकडे नुसते वाचून पुढे जाऊ नये. पाटी घेऊन भागाकार करून पाहावा. ४२.७५ किलोमीटरांस १०,२४५ सेकंद. म्हणजे दर किलोमीटरास बरोबर चार मिनिटांच्या किंचित आत. आमच्या शाळेतील चपळ मुलगा चार मिनिटांत एक किलोमीटर धावू शकेल. कदाचित दोनही त्याच गतीने पुरे करील. तेच त्याने एकामागून एक बेचाळीस वेळा, न थांबता करून दाखवावे, म्हणजे चौगुले यांनी काय केले हे त्यास उमगेल. आजच्या मापाचे अंतर असते तर या गतीने त्यांस सुमारे दोन तास साडेअठ्ठेचाळीस मिनिटे लागली असती.

त्या शर्यतीत पहिला कोण आला, तेही सांगितले पाहिजे. कारण त्याच्या कथेतही हाच बोध आहे. तो फिनलंडचा हान्स कोलेहमाइनेन. धंद्याने गवंडी. स्टॉकहोम येथे त्याने पाच हजार मीटर, दहा हजार मीटर व रानातील शर्यत अशी तीन सुवर्णपदके मिळविली, तेव्हा तो तेवीस वर्षांचाही झाला नव्हता. पुढे तो अमेरिकेस गेला व तेथे विटा रचून पोट भरू लागला. युद्धाने त्याची ऐन उमेदीची वर्षे खाल्ली. १९१७ साली बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये त्याचा चौथा क्रमांक आला. याचा बहर ओसरला, असे म्हणणारे त्या वेळी थोडे नसतील. परंतु तिसाव्या वर्षी तो अँटवर्पला आला, आणि दोन तास बत्तीस मिनिटे छत्तीस सेकंदांत सर्वांच्या आधी पोचला. एस्तोनियाचा लॉसमान त्याच्यामागून अवघ्या तेरा सेकंदांनी आला. इतक्या लांबच्या शर्यतीत तेरा सेकंद म्हणजे डोळ्याचे पाते लवण्याइतके अंतर.

एकाने आठ वर्षांनी आपला हरवलेला जोम परत मिळविला, दुसऱ्याने तीन दिवसांनी. एकास जगाने मुकुट घातला. दुसऱ्याचे नाव त्याच्या स्वतःच्या प्रांतातही थोड्यांस ठाऊक आहे. परंतु त्या ओल्या रस्त्यावर दोघांपुढील प्रश्न एकच होता : काल काय झाले ते आज पायांस सांगावयाचे की नाही? दोघांनीही ते सांगितले नाही.

कुस्तीत रणधीर शिंदे कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोचले, परंतु पदक हाती आले नाही. अशा रीतीने सहाही जण रिकाम्या हातांनी स्वदेशी परतले. तथापि त्यांचे जाणे व्यर्थ गेले असे कोणी म्हणू नये. १९२४ साली पॅरिस येथे हिंदुस्थानचा दुसरा चमू गेला, १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघाची स्थापना झाली व सर दोराबजी त्याचे पहिले अध्यक्ष झाले. मॅरेथॉनमध्ये पुढे १९७६ साली माँट्रिऑल येथे शिवनाथ सिंग यांनी अकरावा क्रमांक मिळविला. वाट एकाने मळावी व दुसऱ्याने त्यावरून पुढे जावे, हाच जगाचा क्रम आहे.

फडेप्पा चौगुले १९५२ साली निवर्तले. त्याच वर्षी फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे ऑलिंपिक सामने भरले. नुर्मीने मशाल घेऊन मैदानात प्रवेश केला, आणि उंच मनोऱ्यावरील ज्योत पेटविण्याचा मान बासष्ट वर्षांच्या कोलेहमाइनेनला देण्यात आला. आणि त्याच सामन्यांत कऱ्हाडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताच्या एकट्या खेळाडूस मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक. दख्खनच्या मातीतील मुले प्रथम अँटवर्पला गेली होती, त्यास तेव्हा बत्तीस वर्षे झाली होती.

मुलांनो, पुढील वर्षी आपल्या मैदानावर लांब पल्ल्याची शर्यत पुन्हा लागेल. तीत पहिला एकच येईल. ते बहुतेकांच्या हाती नाही. परंतु आदल्या वर्षी मागे पडलेल्याने पुन्हा नाव द्यावे, आपली गती ओळखावी, आणि शेवटची रेषा ओलांडूनच थांबावे, एवढे प्रत्येकाच्या हाती आहे. आणि पालकांस आमची नम्र विनंती अशी की, मुलगा किंवा मुलगी घामाने निथळत घरी येऊन आपला एकोणिसावा क्रमांक सांगू लागेल, तेव्हा पुढे अठरा कोण होते हे विचारण्यापूर्वी, तू शर्यत पुरी केलीस ना, एवढे आधी विचारावे.