लॅम्बटनची दुसरी साखळी

गणिताचा आणि माझा छत्तीसचा आकडा. म्हणूनच मी कलाशाखेकडे वळले. पण गेल्या वर्षी प्रभादेवीच्या आमच्या घरी पाइपच्या गॅसचे बिल एकाएकी फुगले आणि मोजमापाने मला गाठलेच. मीटर पळतो, असे बाबांचे ठाम मत. तक्रार झाली, मीटर तपासणीला गेला आणि काही दिवसांनी एक कागद हाती आला. मीटर ठीक आहे असे त्यावर लिहिले होते. पण आकड्यांपुढे अधिक-उणेची खूण होती. ज्यांना स्वतःच्याच आकड्याची खात्री नाही ते आमचा न्याय काय करणार, असे म्हणून मी कागद भिरकावला.

तो उचलला शेजारच्या निवृत्त प्राध्यापककाकांनी. वायू उष्णतेने फुगतो, दाबाने आकसतो. त्यामुळे मोजताना दोहोंचा हिशेब धरावा लागतो. मीटर त्याहून अचूक मीटरशी ताडतात, तो आणखी वरच्या प्रमाणाशी, अशी ही साखळी राष्ट्रीय प्रमाणापर्यंत पोचते. प्रत्येक कडीपाशी थोडी शंका उरते, ती लिहायचीच असते. एवढे समजावून त्यांनी मला एक चरित्र वाचायला दिले. त्यातल्या माणसाची साखळी खरोखरच पोलादाची होती.

विल्यम लॅम्बटन हा यॉर्कशरमधल्या साध्या शेतकरी घरातला. सैन्याबरोबर आधी अमेरिकेत गेला आणि चाळिशी उलटल्यावर हिंदुस्थानात आला. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईनंतर त्याने सारे दक्षिण द्वीपकल्प त्रिकोणांनी मोजण्याची योजना मांडली. कंपनी सरकारला सारावसुलीसाठी आणि फौजेसाठी नकाशे हवे होते. लॅम्बटनला पृथ्वीचा आकार हवा होता.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी साडेसात मैलांची आधाररेषा मोजायला सुरुवात झाली. साखळी शंभर फुटी. चीनच्या बादशहाने नाकारलेल्या नजराण्यातून ती हिंदुस्थानात आली होती. पोलाद उन्हाने वाढते, म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून शेजारी थर्मामीटर मांडले जात आणि तापमानाप्रमाणे लांबी दुरुस्त केली जाई.

त्याच्यापाशी तशीच दुसरी साखळी होती. ती मैदानात कधीच उतरली नाही. वापरातल्या साखळीचे सांधे झिजत आणि ती कणाकणाने लांबत जाई. काम सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर तिला त्या दुसरीशी ताडायचे आणि आढळलेला फरक लिहून ठेवायचा, हा त्याचा नेम.

१८०४ मध्ये बंगळूरजवळ दुसरी आधाररेषा मोजली. त्रिकोणांवरून काढलेली तिची लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत चार इंचांहूनही कमी फरक आला. लॅम्बटनने तोही नोंदवला. मद्रासपासून मंगळूरपर्यंतचा देश मात्र जुन्या नकाशांपेक्षा चाळीस मैलांनी अरुंद निघाला!

१८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या मंदिरावर चढवताना दोर तुटून त्याचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट आपटला आणि कोन मोजण्याचे वर्तुळ वाकले. दुसरा कोणी असता तर हाय खाऊन बसला असता. याने तंबूत कोंडून घेतले आणि सुमारे सहा आठवडे खपून ते वर्तुळ स्वतःच्या हातांनी पूर्ववत केले.

हैदराबादहून नागपूरकडे निघालेला लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये वाटेत हिंगणघाटला वारला. वय सत्तरीच्या घरात होते आणि काम अर्धेच झाले होते. पुढे त्याच्या मदतनिसाने, एव्हरेस्टने, साखळी सोडून उष्णतेचा परिणाम भरून काढणाऱ्या धातूच्या पट्ट्या आणल्या आणि लॅम्बटनची काही मोजणी पुन्हा केली. त्यात गुरूची अप्रतिष्ठा झाली असे मला वाटत नाही. ज्याने आपली शंका लिहून ठेवली, त्याच्याच कामावर पुढच्याला पाय ठेवता येतो.

आमच्या बिलाचा उलगडाही झाला. त्या दोन महिन्यांत आजी गावाहून आली होती आणि तिच्या आंघोळीचे पाणी गॅसवर तापत होते. बाबांनी मुकाट्याने पैसे भरले. तो कागद मी सरळ करून जपून ठेवला आहे. कधी वर्ध्याकडे जाणे झालेच, तर हिंगणघाटला उतरून ती कबर पाहून यायची आहे.