चुंबकसुईची नाडी जपणारे नानाभाई मूस

ध्रुवीय प्रकाश म्हटले की नॉर्वे, आइसलँड, अलास्का आठवतात. मुदखेड जंक्शनवर रात्रभर आकाशाकडे पाहत बसले तरी तो दिसायचा नाही. पण मुदखेड आणि मुंबई जवळपास एकाच अक्षांशावर आहेत आणि ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईतून हा प्रकाश दिसल्याची नोंद आहे! त्या वेळी मुंबईच्या पारशी कुटुंबातले नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस १२ वर्षांचे होते.

त्यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ चा. त्याआधी दोनच महिने, १ सप्टेंबरला, इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर प्रखर ज्वाला पाहिली आणि दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले. ध्रुवीय प्रकाश पार क्यूबापर्यंत दिसला. कुलाब्याच्या वेधशाळेत तेव्हा चुंबकसुईच्या नोंदी माणसे हातानेच लिहीत. त्या दिवशी क्षैतिज चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळले आणि तो आकडा कुलाब्याच्या वहीत राहिला.

सूर्याकडून विद्युतभारित कणांचा झोत सतत येत असतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याला अडवते. मात्र झोत जोराचा असला की हे क्षेत्रच हादरते. इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांवरून चुंबकीय ध्रुवांभोवतीच्या कड्यात उतरतात आणि वरच्या विरळ हवेला धडकतात. १०० ते १५० किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा उजळतो, त्याच्या बराच वर लाल. वादळ मोठे असेल तर हे कडे विषुववृत्ताकडे सरकते. लाल प्रकाश सर्वांत उंचावर असल्याने दूरच्यांना बहुधा तेवढाच दिसतो. मे २०२४ मध्ये लडाखमधील हानले येथे दिसला तोही लालच. जमिनीवरच्या माणसाच्या प्रकृतीला यापासून अपाय नाही. वातावरणाचे पांघरूण जाड आहे.

अभियांत्रिकी शिकून, एडिंबरोहून विज्ञानाची पदवी घेऊन आलेले मूस १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय मानले जातात. मुंबईत प्लेग शिरला तेच हे साल. दोन वर्षांत वेधशाळेत भूकंपमापकही आला.

खरे संकट मात्र वेगळेच निघाले. मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार होत्या. रुळांतून जमिनीत झिरपणारा विद्युतप्रवाह चुंबकसुईला हलवतो. मग सुई सूर्यामुळे हलली की ट्राममुळे, हे कसे ओळखणार? रुग्णाचा तापाचा तक्ता रोज थर्मामीटर बदलून लिहावा, तसला प्रकार. जवळपास ६० वर्षांची अखंड नोंद मातीमोल झाली असती.

ट्रामशी भांडत बसण्यापेक्षा मूस यांनी समुद्रापलीकडचे अलिबाग निवडले. तिथल्या इमारतींसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड आणला. १९०४ पासून अलिबागला नोंदी सुरू झाल्या, पण कुलाबा लगेच बंद केले नाही. सुमारे दोन वर्षे दोन्हीकडचे आकडे सोबत घेतले, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला नीट जोडता येईल. दुहेरी काम, दुहेरी खर्च. पण एवढी सावधगिरी घेतली नसती तर पुढचे सगळे आकडे मागच्यांपासून तुटले असते. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली.

१९१० मध्ये त्यांनी १८४६ ते १९०५ या काळातील कुलाब्याच्या नोंदी दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. अनेक वादळांचे आकडे एकत्र मांडल्यावर त्यांचा ठरावीक क्रम दिसला : आधी बल थोडे वाढते, मग झपाट्याने घसरते आणि हळूहळू, कधी कित्येक दिवसांनी, पूर्ववत होते. डॉक्टरला तापाची चढउतार ओळखीची व्हावी तशीच ही ओळख. पुढे जगभर चुंबकीय वादळांचा अभ्यास याच टप्प्यांच्या भाषेत झाला.

मूस १९१९ मध्ये निवृत्त झाले, १९३६ मध्ये वारले. १८५९ च्या वादळाची तीव्रता ठरवण्यासाठी २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी आधार घेतला तो कुलाब्याच्याच नोंदींचा. अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि तिथली नोंद चालूच आहे.