चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन

चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन (३ सप्टेंबर, इ.स. १८९५ – २२ एप्रिल, इ.स. १९५०) हे अमेरिकन वकील आणि कायद्याचे प्राध्यापक होते. अमेरिकेतील शाळांमधील वंशाधारित विभाजनाविरुद्धच्या न्यायालयीन लढ्याची आखणी त्यांनी केली.

प्रारंभिक जीवन

ह्यूस्टन यांचा जन्म वॉशिंग्टन डी.सी. येथे झाला. त्यांचे वडील विल्यम हे वकील होते. इ.स. १९१५मध्ये ॲमहर्स्ट महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ अध्यापन केले. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात अधिकारी होते. तेथे कृष्णवर्णीय सैनिकांना मिळणारी अन्यायकारक वागणूक पाहून त्यांनी कायद्याचा अभ्यास करण्याचे ठरवले. हार्वर्ड विधी विद्यालयाच्या हार्वर्ड लॉ रिव्ह्यू या नियतकालिकाच्या संपादक मंडळातील ते पहिले कृष्णवर्णीय सदस्य होत.

हॉवर्ड विद्यापीठ

इ.स. १९२९ ते १९३५ या काळात त्यांनी हॉवर्ड विद्यापीठाच्या विधी विद्यालयाची धुरा सांभाळली. सायंकाळी भरणाऱ्या या विद्यालयाचे त्यांनी पूर्णवेळ संस्थेत रूपांतर केले व इ.स. १९३१मध्ये त्याला अधिमान्यता मिळाली. वकिलाने समाजपरिवर्तनाचे काम केले पाहिजे, अशी त्यांची शिकवण होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले थरगूड मार्शल हे त्यांचे विद्यार्थी होत.

शिक्षणविषयक खटले

सर्वोच्च न्यायालयाच्या इ.स. १८९६मधील प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन निकालाने, सोयी समान असल्यास वंशानुसार विभाजन वैध ठरवले होते. इ.स. १९३५मध्ये एन.ए.ए.सी.पी. या संघटनेचे विशेष वकील झालेल्या ह्यूस्टन यांनी या निकालातील समानतेची अटच राज्यांविरुद्ध वापरली. दक्षिण कॅरोलायनातील कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय मुलांच्या शाळांमधील तफावत दाखवणारे चित्रीकरणही त्यांनी केले. दोन्ही व्यवस्था खरोखर समान ठेवण्याचा खर्च राज्यांना पेलणार नाही, असे त्यांचे गणित होते. बहुतेक दक्षिणी राज्यांत कृष्णवर्णीयांसाठी विधी विद्यालयच नसल्याने त्यांनी उच्च शिक्षणापासून सुरुवात केली.

मरे विरुद्ध पिअर्सन खटल्यात मेरीलँडच्या अपील न्यायालयाने इ.स. १९३६मध्ये डोनाल्ड मरे यांचा विधी विद्यालयातील प्रवेश कायम केला. मिझुरी राज्याने लॉईड गेन्स यांना प्रवेश नाकारून परराज्यातील शिक्षणाचे शुल्क देऊ केले होते. इ.स. १९३८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सोय समानता ठरत नाही, असा निर्णय दिला. मात्र मिझुरीने कृष्णवर्णीयांसाठी वेगळे विधी विद्यालय उघडले, तर गेन्स इ.स. १९३९मध्ये बेपत्ता झाले. विभाजन मान्य करून समानता मागण्याच्या मार्गाची मर्यादा या खटल्याने उघड केली.

मृत्यू आणि वारसा

आयुष्याच्या अखेरीस ह्यूस्टन वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीय पालकांची बाजू मांडत होते. प्रकृती ढासळल्यावर त्यांनी हे काम जेम्स नॅब्रिट यांच्याकडे सोपवले. नॅब्रिट यांनी असमान सोयींऐवजी विभाजनालाच आव्हान दिले. त्यातून उभ्या राहिलेल्या बोलिंग विरुद्ध शार्प खटल्याचा निकाल ब्राऊन विरुद्ध शिक्षण मंडळ खटल्याबरोबर १७ मे, इ.स. १९५४ रोजी लागला आणि सार्वजनिक शाळांमधील विभाजन घटनाबाह्य ठरले. ह्यूस्टन यांचे निधन त्याआधी चार वर्षे झाले होते. ब्राऊन खटल्याची कागदपत्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने अध्यापनासाठी उपलब्ध करून दिली आहेत. ती गेन्स निकालासोबत वाचल्यास समान सोयींच्या मागणीपासून विभाजनाच्या निषेधापर्यंतचा प्रवास विद्यार्थ्यांना मूळ साधनांतून समजतो.