नाथबाबांचा भरला संसार



दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून मंडळींनी आम्हाला चार शब्द लिहायला सांगितले. आमचं शिक्षण चौथी. दिवसा शेत आणि रात्री कीर्तन, एवढंच आमचं भांडवल. पण विषय जिव्हाळ्याचा निघाला, शांतिब्रह्म एकनाथ महाराज. आपण सगळे माळकरी बायकापोरांचे धनी. संसार सोडून देव गाठणं आपल्याला जमणारं न्हाई. संसारात राहून तो कसा गाठावा हे बघायचं तर पैठणलाच जावं लागतं.

नाथबाबांचा जन्म इसवी सन १५३३ च्या सुमाराचा. विजयनगरला गेलेला पांडुरंग ज्यांनी पंढरीला परत आणला असं आपण मानतो, ते भानुदास महाराज त्यांचे पणजोबा. आईबाप लहानपणीच गेले. आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी त्या पोरक्या लेकराला वाढवलं. हे पोर एक दिवस कुणाला न सांगता देवगिरीला गेलं आणि जनार्दन स्वामींचे पाय धरून बसलं. स्वामी म्हंजे निजामशाहीतले देवगिरीचे किल्लेदार. नोकरीही चोख आणि दत्तात्रेयाची भक्तीही चोख. तिथं नाथ गुरूच्या घरचा हिशोब लिहीत. एका पैची चूक सापडंना, म्हणून रात्रभर दिव्याजवळ बसले आणि पहाटे ती सापडली तेव्हा आनंदानं टाळ्या पिटल्या.

आता बघा, अशा शिष्याला गुरूनं रानात धाडलं का? न्हाई. आधी तीर्थयात्रा करवली आणि मग पैठणला राहून लग्न करायची आज्ञा दिली. आज्ञेची चिठ्ठी आजोबांनी जिथं हातात ठेवली, तिथंच नाथ थांबले, असं सांगतात. पुढं गिरिजाबाईंशी लग्न झालं. हरि नावाचा मुलगा, गोदा आणि गंगा या दोन मुली. गोदाबाईंचा मुलगा म्हंजेच आपले कवी मुक्तेश्वर.

नाथांचा दिवस ठरलेला. पहाटे गोदावरीत आंघोळ, पूजा, दुपारी आल्यागेल्याला जेवण, मग पुराण, रात्री कीर्तन. याच रहाटीत त्यांनी केवढं काम केलं! एकनाथी भागवत १५७३ साली काशीत पुरं झालं. लिहिणाऱ्यांच्या हातून ज्ञानेश्वरीत चुका शिरल्या होत्या, त्या काढून १५८४ साली शुद्ध पोथी तयार केली. आज आपण पारायणाला बसतो ते त्या उपकारावर. शिवाय भारुडं लिहिली, ती अडाण्यालाही कळावीत अशी.

पण घर म्हटलं की ते एकट्या पुरुषाचं नसतं. नाथांना राग आणून दाखवीन अशी दोनशे रुपयांसाठी पैज लावून एक ब्राह्मण घरात शिरला. गिरिजाबाई वाढायला वाकल्या तर त्यांच्या पाठीवर बसला. नाथांनी बाईंना एवढंच सांगितलं, की पाहुणा पडू देऊ नका. बाईंनीही शांतपणे सांगितलं, की हरिला पाठीवर घेऊन काम करायची सवय आहे, पडू देणार न्हाई. आम्ही कीर्तनात ही कथा सांगतो तेव्हा लोक नाथांच्या शांतीला माना डोलावतात. आम्ही त्यांना म्हणतो, पाठ कुणाची होती ते बी बघा. श्राद्धाचा स्वयंपाक वेशीबाहेरच्या भुकेल्या माणसांना वाढला, तेव्हाही दुसऱ्यांदा चूल पेटवणारी तीच माउली. तिची साथ नसती तर नाथांचं दार असं सताड उघडं राहिलंच नसतं.

दुःख चुकलं का? न्हाई. पोटचा हरि मोठा पंडित झाला आणि त्याला बापाचंच वागणं पटंना. पुराण मराठीत सांगता, कुणाच्याही घरी जेवता, असं म्हणून तो काशीला निघून गेला. जगानं अंगावर थुंकलं ते नाथांनी सोसलं, पण पोरगं रुसून गेल्यावर म्हातारे बापलोक काशीपर्यंत गेले. पोराच्या अटी मान्य केल्या, मराठी पुराण बंद केलं आणि त्याला घरी आणलं. ज्या मराठीसाठी सारा जन्म घातला ती पोरासाठी गिळली. याहून मोठा त्याग आम्हाला ठाऊक न्हाई. पुढं हरिपंडितांच्या संस्कृत पुराणाला माणसं येईनात. मग एका गरीब बाईचा सहस्रभोजनाचा नवस नाथांनी एकट्यानं जेवून फेडला. हरिपंडित पत्रावळ उचलू लागले तर खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा हजार निघाल्या असं सांगतात. तिथं लेकाचा अहंकार उतरला. बाप वाद घालून जिंकला न्हाई, वाट बघून जिंकला.

१५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीच्या काठी कीर्तन केलं आणि भरल्या संसारातून पाण्यात देह ठेवला. त्यानंतर त्यांच्या पादुका पंढरीला नेण्याची वहिवाट याच हरिपंडितांनी सुरू केली, असं संप्रदायात सांगतात. जो लेक घर सोडून गेला होता, त्यानंच बापाची पालखी चालवली.

आजही षष्ठीच्या आधी तुकाराम बीजेपासून नाथवाड्यातला रांजण भरायला घेतात. तिथं श्रीखंड्याच्या रूपात देव पाणी भरत होता अशी आपली श्रद्धा. देव राबायला आला तो मठात न्हाई, बायकापोरांच्या घरात आला.

मंडळी, आषाढात पेरणी उरकून आपण पताका खांद्यावर घेतो, तेव्हा मागं खुरपणी, जनावरं आणि म्हातारी माणसं घरची लक्ष्मी बघते. शंभर वर्षांच्या या दिंडीत तिची पावलं मोजली गेली न्हाईत, पण ती चाललेलीच आहे. म्हणून वारीहून परतल्यावर आपला आवाज घरात चढला, पोराशी अबोला धरला, तर वारी वेशीवरच राहिली असं समजा. बुक्का कपाळाला आहेच, नाथबाबांची शांती तेवढी घरात न्या.

राम कृष्ण हरि.